दहा नंबरवरून मागे आणलं म्हणजे संपलं का? हासेबेची गोष्ट पूर्ण सांगतो

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय एकोणीस, कोल्हापुरात तालमीच्या संघातून लहानपणापासून दहा नंबरच्या, म्हणजे फॉरवर्डच्या मागून हल्ला रचायच्या जागेवर खेळलास. यंदा कोचनी आधी राइट बॅकला (उजव्या बाजूचा बचावपटू) लावलं आणि आता स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू केलं. तू नाराज झालास तेव्हा त्यांनी जपानच्या माकोतो हासेबेचं नाव घेतलं, 'तोही मिडफिल्डर होता, मागे गेला आणि चाळिशीपर्यंत खेळला' म्हणाले. तू विचारतोस की हे खरं आहे, की कोच तुझी समजूत काढतायत?

कोच समजूत काढत असतीलही. ते मला इथे बसून कळायचं नाही. पण हासेबेचं उदाहरण खरं आहे, फक्त लोक ते अर्धंच सांगतात. सुरुवात सांगतात, शेवट सांगतात आणि मधली पंधरा वर्षं गाळतात. तुझ्या कामाचं जे काही आहे ते त्या मधल्या वर्षांतच आहे. मी स्वतः हाफ, म्हणजे मिडफिल्डर म्हणून खेळलो आणि आता बावीस वर्षं पोरांना शिकवतोय, त्यामुळे ह्या माणसाचे सामने मी जरा स्वार्थी नजरेनं पाहिलेत. चेंडू त्याच्याकडे यायच्या आधी तो काय करतो, तेच बघत बसायचो.

जपानी मिडफिल्डर म्हटलं की आपल्या पोरांना नाकाता आठवतो, नाकामुराच्या फ्री किक आठवतात, कागावा, होंडा. हासेबेची 'स्किल्स' म्हणून क्लिप शोधायला जाशील तर हाती फार लागणार नाही. देशाकडून ११४ सामने आणि गोल फक्त दोन. त्यातला एक २०११ च्या आशियाई चषकात सीरियाविरुद्ध. एवढ्या भांडवलावर हा माणूस आठ वर्षं जपानचा कर्णधार राहिला आणि बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या वरच्या लीगमध्ये, ३८४ सामने खेळला. कोरियाच्या चा बुम-कुनचा ३०८ सामन्यांचा आशियाई विक्रम त्यानं २०२० मध्येच मागे टाकला होता.

जन्म १८ जानेवारी १९८४, गाव फुजिएदा, प्रांत शिझुओका. जपानात शिझुओकाला फुटबॉलचं राज्य म्हणतात. आपल्याकडे कोल्हापुरात पेठ आणि तालीम म्हटलं की जे उभं राहतं, तसं तिथे शाळेचं. फुजिएदा हिगाशी ही त्याची शाळा, जपानचा नावाजलेला फॉरवर्ड मासाशी नाकायामाही तिथलाच. म्हणजे हा क्लबच्या अकादमीत घडलेला पोरगा नव्हे, शाळेच्या मैदानावरचा. २००२ मध्ये उरावा रेड डायमंड्सनं त्याला घेतलं. पहिल्या वर्षी फारशी संधी मिळाली नाही. पुढच्या वर्षापासून संघात बसला आणि २००४ मध्ये थेट जे लीगच्या सर्वोत्तम अकरात.

तेव्हाचा हासेबे तुझ्यासारखाच होता बघ. चेंडू पायात घेऊन मधून घुसणारा, पुढे बघणारा. उरावात त्याला हळूहळू एक ओळ मागे आणलं आणि केइता सुझुकीच्या जोडीला बसवलं. जपानीत ह्या जागेला 'बोरांची' म्हणतात. शब्द ब्राझिलियन पोर्तुगीजांचा, मूळ 'व्होलांची', म्हणजे गाडीचं स्टिअरिंग. आपण पोर्तुगीजांकडून बटाटा आणि पगार घेतला, जपान्यांनी हा घेतला. शब्द नीट बघ: मागे आणलेल्या माणसाच्या हातात त्यांनी स्टिअरिंग दिलं. ह्या संघानं २००६ ची लीग जिंकली, २००७ ची आशियाई क्लबांची एएफसी चॅम्पियन्स लीग जिंकली, आणि जानेवारी २००८ मध्ये हासेबे जर्मनीत वोल्फ्सबुर्गला गेला.

इथून तुझी गोष्ट सुरू होते.

वोल्फ्सबुर्गचा कोच फेलिक्स मागाट. पळवून पळवून जीव काढण्यासाठी प्रसिद्ध. त्यानं सरावाच्या मैदानाशेजारी पायऱ्यांची टेकडीच उभारून घेतली होती आणि खेळाडू तिच्यावर चढउतार करायचे. २००८-०९ मध्ये हा संघ बुंडेसलिगा जिंकला, क्लबच्या इतिहासातलं तेवढं एकच विजेतेपद. ग्राफितेचे २८ गोल, झेकोचे २६. सगळी छायाचित्रं त्या दोघांची. हासेबे त्या संघात होता, कामाचा होता, आणि १९७८ मध्ये कोलोनकडून जिंकलेल्या यासुहिको ओकुदेरानंतर बुंडेसलिगा जिंकणारा दुसरा जपानी ठरला. पण त्याची हक्काची जागा कुठली, ह्याचं उत्तर त्या क्लबला शेवटपर्यंत सापडलं नाही. कधी मध्ये, कधी उजव्या बाजूला, कधी राइट बॅक. जिथे भोक पडेल तिथे हासेबे.

भोक कुठवर पडावं? १७ सप्टेंबर २०११ ला होफनहाइमविरुद्ध गोलकीपर हिट्झला लाल कार्ड मिळालं आणि बदली खेळाडू संपले होते. हातमोजे कोणी घातले असतील? हासेबेनं. एक गोल खाल्ला, फिरमिनोनं मारला. मी हा किस्सा पोरांना सांगतो तेव्हा पोरं हसतात. मला त्यात हसण्यासारखं वाटत नाही. संघात दहा माणसं उरली असताना कोचला आणि सोबत्यांना ज्याच्याकडे बघावंसं वाटतं तो माणूस कोण, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

आणि तरीही २०१२ च्या हंगामाला सुरुवात झाली तेव्हा मागाटनं त्याला संघाबाहेर ठेवलं. क्लब बदलायची त्याची इच्छा होती, ते जमलं नाही, आणि त्यानंतर कित्येक आठवडे बाकावरसुद्धा जागा नाही. ऑक्टोबरमध्ये मागाटच गेला आणि हासेबे परत आला. मधल्या काळात तो जपानचा कर्णधार होता हे लक्षात घे. देशाचा कर्णधार, क्लबात अठरा जणांतही नाही. तुला राइट बॅकला लावलं म्हणून वाईट वाटतंय ना? ते वाटणं खोटं नाही. त्यालाही वाटलंच असणार. २०१३ मध्ये तो न्युर्नबर्गला गेला ते आपल्या जागेवर, मध्यभागी खेळायला मिळावं म्हणून. तिथे गुडघा गेला आणि हंगाम संपताना संघही खालच्या श्रेणीत गेला. वय तीस. आपल्याकडे तिसाव्या वर्षी अशा खेळाडूला लोक सत्कार करून, नारळ देऊन घरी पाठवतात.

त्या उन्हाळ्यात आइनट्राख्ट फ्रँकफुर्टनं त्याला घेतलं. पुढची दहा वर्षं तो तिथेच खेळला.

मार्च २०१६ मध्ये निको कोवाच फ्रँकफुर्टचा कोच झाला. संघ बुडत होता. श्रेणी टिकवण्यासाठीच्या दोन सामन्यांत समोर कोण, तर न्युर्नबर्ग, हासेबेचाच जुना क्लब. १-१ आणि १-० असे निकाल लागले आणि फ्रँकफुर्ट वाचलं. पुढच्या हंगामात कोवाचनं मागे तीन बचावपटू खेळवायला सुरुवात केली आणि त्या तिघांच्या मधोमध बत्तीस वर्षांच्या हासेबेला उभं केलं. लिबेरो. जर्मनीत हा शब्द उच्चारला की बेकेनबाउअर आठवतो, आणि ती जागा तोवर जवळजवळ संग्रहालयात गेली होती.

आता हे नीट समजून घे, कारण इथे तुझ्या कोचचं म्हणणं खरं ठरतं किंवा खोटं ठरतं.

मिडफिल्डमध्ये माणूस चहूबाजूंनी वेढलेला असतो. चेंडू समोरून येतो, मार पाठीमागून येतो. म्हणून चांगला हाफ चेंडू यायच्या आधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघतो, सारखा बघतो. हासेबेची ही सवय जबरदस्त होती. असा माणूस दहा-पंधरा मीटर मागे सरकला की काय होतं? पाठीमागे फक्त गोलकीपर उरतो. सगळा खेळ डोळ्यासमोर. जो आयुष्यभर चौफेर बघत आला त्याला आता अर्धंच वर्तुळ बघायचंय. त्याला वेळ मिळाल्यासारखं वाटतं. बाकीच्यांना अडीच सेकंद असतील तर त्याला चार.

दुसरं, तिघांच्या मागच्या फळीत बाजूचे दोन स्टॉपर समोरच्या फॉरवर्डला चिकटतात, अंगावर जातात, डोक्यानं भिडतात. मधल्याचं काम वेगळं. तो त्यांच्या मागची जागा राखतो, ऑफसाइडची रेष पुढे घ्यायची की मागे हे ठरवतो, आणि चेंडू आपल्याकडे आला की दोन फॉरवर्डांमधून मोकळा होऊन पुढे निघतो. तो पुढे निघाला की मिडफिल्डमध्ये एक माणूस जास्त. म्हणजे हासेबे मिडफिल्डर राहिलाच होता, फक्त त्याचा पहिला पास आता वीस मीटर मागून सुटत होता.

पळण्यात तो कधीच वाघ नव्हता आणि पस्तिशीनंतर तर नव्हताच. पण पास कुठे जाणार हे आधी कळलं की दोन पावलं आधी निघता येतं. दोन पावलं आधी निघालेल्या माणसाला गाठायला समोरच्यानं किती वेगात पळावं लागेल, मैदानावर मोजून बघ. शिवाय त्याच्या दोन्ही बाजूंना तरुण, तगडे, वेगवान स्टॉपर असायचे. हे विसरू नकोस. लिबेरो एकट्याच्या हुशारीवर चालत नाही, शेजाऱ्यांच्या पायांवर चालतो.

धोका एकच आणि मोठा. हाफनं चेंडू घालवला तर मागे चौघं असतात, ह्यानं घालवला तर कुणीच नसतं. म्हणून दहा नंबरचा सगळाच माल मागे चालत नाही. तुझी ती टाच मारून चेंडू वळवायची सवय मला माहीत नाही असं समजू नकोस, तू पाठवलेल्या व्हिडिओत दोनदा दिसली.

मार्च २०१७ मध्ये बायर्नविरुद्ध गोलरेषेवर चेंडू अडवताना तो गोलपोस्टवर आदळला, पुढे गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि जर्मन चषकाची अंतिम लढत हुकली. डॉर्टमुंडनं फ्रँकफुर्टला २-१ हरवलं. पुढच्या वर्षी, १९ मे २०१८ ला, बर्लिनमध्ये ह्याच फ्रँकफुर्टनं बायर्नला ३-१ हरवून चषक नेला. १९८८ नंतर पहिल्यांदा. त्या संघात हासेबे होता.

त्यानंतर कोवाच बायर्नला गेला, आडी ह्युटर आला. नव्या कोचनं मागे चौघं खेळवायचं ठरवलं आणि सुरुवातीला हासेबेला फारशी जागा उरली नाही. सुपर कपमध्ये बायर्नकडून ०-५, चषकात चौथ्या श्रेणीतल्या उल्मकडून हार. मग ह्युटर तिघांवर परत आला, मध्ये हासेबे परत आला, आणि तोच हंगाम युरोपा लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. तिथे चेल्सीनं पेनल्टीवर काढलं. म्हणजे चौतिसाव्या वर्षीही त्याला जागा सोडावी लागली आणि परत मिळवावी लागली. एकदा मागे आलो की जागा कायमची, असं काही नसतं.

आता देशाचं बोलू, कारण एक सामना तुला सांगायचाच आहे. २०१० च्या विश्वचषकाच्या तोंडावर कोच ताकेशी ओकादानं नाकाझावाकडून कर्णधारपद काढून सव्वीस वर्षांच्या हासेबेला दिलं. संघातली मोठी माणसं तशीच होती, नाकामुरा बाकावर बसला होता. अशा घरात धाकट्याच्या हाती किल्ल्या देणं सोपं नसतं. पण तो संघ डेन्मार्कला ३-१ हरवून पुढे गेला, पराग्वेकडून पेनल्टीवर हरला. २०११ चा आशियाई चषक त्याच्याच हाती आला, २०१४ चा विश्वचषकही त्यानं कर्णधार म्हणून खेळला.

मला सांगायचाय तो सामना २८ जून २०१८ चा, व्होल्गोग्राड, जपान विरुद्ध पोलंड. कोच निशिनोनं त्या दिवशी सहा बदल केले होते, हासेबे बाकावर. जपान ०-१ मागे. तिकडे समारात कोलंबियाच्या मीनानं सेनेगलवर गोल केला. आता हिशेब बघ: जपान आणि सेनेगल दोघांचे चार गुण, गोलफरक सारखा, केलेले गोल सारखे, आपसातला सामना २-२. उरलं काय, तर पिवळी कार्डं. जपानची चार, सेनेगलची सहा. म्हणजे आहे तसं संपलं तर जपान पुढे. जपाननं आणखी एक गोल खाल्ला किंवा कार्डं घेतली तर घोटाळा. आणि सेनेगलनं बरोबरी केली तर ०-१ वर अडलेला जपान बाहेर.

मैदानावरच्या अकरांना हे कसं सांगणार? ८२ व्या मिनिटाला निशिनोनं फॉरवर्ड मुतोला बाहेर घेतलं आणि हासेबेला आत पाठवलं. बदली खेळाडू म्हणून नव्हे, निरोप म्हणून. तो आत आला आणि एकेकाला सांगत गेला. त्यानंतर जपाननं मागच्या मागे पास सुरू केले. प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून मैदान डोक्यावर घेतलं. आठ-दहा मिनिटं शिव्या खात संघ तसाच खेळला. समारात १-० टिकलं, जपान पुढे गेला.

मला तो खेळ आवडला का? नाही. पैसे देऊन गेलेल्या माणसानं शिट्ट्या माराव्यात, त्याचा हक्क आहे. पण कोच म्हणून मी वेगळंच बघतो. हरत असलेल्या संघाला 'गोल करायला जाऊ नका' हे सांगायचंय, वेळ नाही, आवाज प्रचंड, आणि अकराच्या अकरांनी प्रश्न न विचारता ऐकलं पाहिजे. असा माणूस संघात असणं ही कुठल्याही ड्रिबलपेक्षा दुर्मीळ गोष्ट आहे. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की गर्दीत आपल्या बाजूच्या बॅकचा आवाज ऐकू येत नाही, हे तुला माहीतच आहे. तिथे हात दाखवून संघ हलवता येतो का तुला?

चार दिवसांनी रोस्तोव्हला बेल्जियमविरुद्ध जपान २-० पुढे होता आणि शेवटच्या क्षणी चादलीच्या गोलनं २-३ हरला. हासेबेनं देशाचा शर्ट उतरवला, ८१ सामने कर्णधार म्हणून. त्याच वर्षी आशियाबाहेर खेळणाऱ्या आशियाई खेळाडूंमधला सर्वोत्तम म्हणून एएफसीनं त्याला निवडलं.

क्लबात पुढे अजून सहा वर्षं. १८ मे २०२२, सेव्हिया, युरोपा लीगची अंतिम लढत, समोर रेंजर्स. फ्रँकफुर्टचा बचावपटू तुता घसरला, रेंजर्सच्या अरिबोनं गोल केला, आणि जखमी तुताच्या जागी अडतीस वर्षांचा हासेबे आत आला. संघ एक गोलनं मागे, मागची फळी हादरलेली, अर्ध्या तासाचा खेळ आणि जादा वेळ बाकी. त्यानंतर फ्रँकफुर्टनं गोल खाल्ला नाही. बोरेनं बरोबरी केली, पेनल्टीत आपल्या गोलकीपर ट्रापनं रॅमसेची अडवली, ५-४. त्याच ऑक्टोबरमध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये टॉटनहॅम फ्रँकफुर्टला आलं. समोर हॅरी केन. सामना ०-०. तो पुन्हा बघ आणि चेंडूकडे बघू नकोस, फक्त वीस नंबरकडे, म्हणजे हासेबेकडे बघ.

शरीर इतकी वर्षं कसं टिकलं, हेही तू विचारलंयस. त्यात जादू काही नाही. झोप, गरम पाण्याची आंघोळ, रोज अर्धा तास काहीही न करता शांत पडून राहणं, असल्या गोष्टी त्यानं स्वतः लिहिल्यात. ते पुस्तक जपानात दहा लाखांवर खपलं आणि त्याचं मानधन त्यानं २०११ च्या त्सुनामीनंतर युनिसेफच्या कामाला दिलं. मे २०२४ मध्ये चाळिसाव्या वर्षी त्यानं बूट ठेवले आणि लगेच फ्रँकफुर्टच्या एकवीस वर्षांखालच्या संघात कोचिंगला लागला, काही महिन्यांत जपानच्या राष्ट्रीय संघाच्या कोचमंडळातही गेला.

आता तुझं. ह्या गोष्टीतून 'मागे जा, भलं होईल' असा अर्थ काढू नकोस. हासेबे १८० सेंटीमीटर उंच, तू लिहिलंयस पाच फूट सहा. तुमचा संघ मागे तिघं खेळवतो की चौघं? चौघांच्या फळीत स्टॉपरला पहिल्या मिनिटापासून डोक्यानं भिडावं लागतं, आणि मोठ्या स्पर्धेत तुझ्या उंचीच्या स्टॉपरला समोरचा संघ वरून चेंडू टाकून टाकून संपवतो. तसं असेल तर कोचना शांतपणे सांग की मला सहा नंबरवर, स्टॉपरांच्या पुढे खेळवून बघा. तिघं असतील आणि तू मधला असशील तर मात्र दुसरा प्रश्न विचार: चेंडू घेऊन पुढे जायची मला मोकळीक आहे का, आणि मी पुढे गेलो तर माझी जागा कोण भरणार? ह्याचं उत्तर कोचकडे तयार असेल तर त्यांनी विचार करून तुला मागे आणलंय. 'तू फक्त चेंडू काढून टाक' असं म्हणाले, तर भोक बुजवलंय एवढंच. तेही एका हंगामापुरतं करावं लागतं, हासेबेनंही केलं, पण मग मनात हिशेब स्पष्ट ठेव.

पुढच्या तीन सामन्यांचं चित्रीकरण कर, भावाला कठड्यावर उभं कर, कॅमेरा फक्त तुझ्यावर. चेंडू तुझ्याकडे निघाल्यापासून पायाला लागेपर्यंत तू किती वेळा मान वळवलीस ते मोज. ज्या ज्या वेळी शून्य आलं, त्या वेळी पुढे पासचं काय झालं तेही समोर लिही. तो कागद मला पाठव, मग जागेचं बोलू.